रणवाद्ये, रंगभूमी आणि रसिकांचा कौल

गणेशोत्सवाचे दिवस आले की ढोलाचा ठोका कानी पडण्यापूर्वीच छातीत उमटतो, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. मिरवणूक पाहून घरी परतलेली मंडळी रात्री उशिरापर्यंत कोणते पथक कसे वाजले, कोणाच्या हाताला वजन होते आणि कोणी नुसताच दिखावा केला, यावर हिरिरीने बोलत असतात. नादाचा असा ध्यास आणि त्याविषयीचा असा जिव्हाळ्याचा वाद केवळ आपल्याच गावी असतो, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. ती चुकीची ठरली. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत 'ड्रम कोअर' या नावाने ओळखली जाणारी वाद्यपथके आहेत. त्यांच्या रसिकांमध्ये गेली पन्नास वर्षे एक भांडण चालू आहे. वादकाने वाजवावे, की वाजवता वाजवता नाटकही करावे, असा तो प्रश्न. उत्सवाच्या या पानावर त्या भांडणाची हकीगत सांगण्याचा मोह आम्हांला आवरला नाही, आणि त्याला एक कारणही आहे. या पथकांपैकी काही नामवंत पथकांचा जन्म देवालयाच्या आवारात झालेला आहे.

'कोअर' हा शब्द राष्ट्रीय छात्रसेनेच्या इंग्रजी नावामुळे आपल्या कानांवरून गेलेला असतो. त्याचा अर्थ दल किंवा पथक. ड्रम कोअरमध्ये पितळी शिंगे, नाना प्रकारची चर्मवाद्ये आणि रंगीत निशाणे, लाकडी बंदुका व तलवारी फिरवणारे ध्वजपथक अशी तीन अंगे असतात. बासरी, क्लॅरिनेट यांना तेथे मज्जाव आहे. ही सारी मंडळी अमेरिकन फुटबॉलच्या विस्तीर्ण मैदानावर वाजवीत वाजवीत संचलन करतात आणि त्यांच्या पावलांतून वर्तुळे, कमानी, लाटा अशा आकृत्या उमटतात व विरतात. उंच बैठकींवरून पाहणाऱ्यास मैदान म्हणजे जणू हलती रांगोळीच भासते. हा सारा खेळ अवघा अकरा-बारा मिनिटांचा. त्यासाठी संपूर्ण उन्हाळा खर्ची पडतो.

या पथकांची मूळ प्रेरणा लष्करी आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांनी 'अमेरिकन लीजन' ही संघटना उभारली. ती आणि 'व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स' ही माजी सैनिकांची दुसरी संघटना, या दोहोंनी बिगुल व पडघम यांच्या पथकांना आश्रय दिला, स्पर्धा भरविल्या, नियम घालून दिले. पुढे गल्लीतील मुलांना वाईट संगतीपासून दूर ठेवावे या हेतूने चर्चचे धर्मगुरूही या कार्यात पडले. न्यू जर्सीतील गारफिल्ड या गावी 'होली नेम' चर्चच्या आश्रयाने १९३४ मध्ये एक पथक निघाले. तेच पुढे 'गारफिल्ड कॅडेट्स' आणि नंतर नुसते 'कॅडेट्स' म्हणून कीर्तीस चढले. बॉस्टनच्या हाइड पार्क भागातील एका कॅथलिक चर्चमधून १९४० मध्ये 'बॉस्टन क्रुसेडर्स' हे पथक उभे राहिले. देवळाच्या ओसरीवर लेझीम शिकलेल्या आमच्या पिढीला यात परके असे काही वाटणार नाही.

सैनिकांनी वाढविलेल्या या कलेत शिस्त हेच सौंदर्य मानले जाई. रांग सरळ हवी, गुडघा ठरल्या उंचीवर यावा, टोपीवरचा तुरा हलू नये. राष्ट्रध्वजाला मानवंदना देण्याचा प्रसंग कार्यक्रमात असलाच पाहिजे, असा दंडक होता. परीक्षक मैदानात हिंडून चुका टिपीत आणि प्रत्येक चुकीमागे गुणाचा दशांश कापून घेत. निर्दोषपणा म्हणजेच श्रेष्ठत्व, असा तो हिशेब होता. या हिशेबात कल्पनेला फारसे स्थान नव्हते. किंबहुना नवे काही करू जावे, तर चुकण्याचा धोका अधिक, म्हणून पथके वर्षानुवर्षे तेच ते करीत राहत.

या कोंडीला पहिला मोठा तडा गेला तो १९७१ मध्ये. त्या एकाच उन्हाळ्यात तीन पथकांनी केवळ गाणी न वाजवता कथा अथवा विषय मांडण्याचे धाडस केले. विस्कॉन्सिनच्या 'मॅडिसन स्काउट्स'नी लहान मुलांच्या आवडत्या 'अॅलिस इन वंडरलँड'मधील पात्रे मैदानावर आणली. शिकागो परिसरातील 'कॅव्हेलियर्स'नी सर्कस उभी केली. आणि गारफिल्डच्या कॅडेट्सनी तर 'युद्ध आता पुरे' अशा आशयाचा कार्यक्रम सादर केला. वाचकांनी क्षणभर हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले, स्पर्धेचे यजमान स्वतः माजी सैनिक, आणि त्यांच्याच नियमांवर पोसलेल्या, चर्चच्या छायेत जन्मलेल्या पथकाची मुले मैदानावर शांततेचा पुकारा करीत आहेत! जुन्या मंडळींना हा आपल्या घरात आपलाच उपमर्द वाटला, तर तरुणांना आपल्या मनातले कोणीतरी बोलले असे वाटले. त्याच सुमारास पथकांच्या संचालकांनी सैनिक संघटनांचे जोखड झुगारून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही आपली स्वतंत्र संस्था स्थापिली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर या गावी झाली. चुका मोजण्याची पद्धत मात्र आणखी बारा वर्षे टिकून होती. १९८४ मध्ये ती गेली, आणि रचनेचा, कल्पनेचा, परिणामाचा विचार गुणपत्रिकेवर खऱ्या अर्थाने बसू लागला. नाटकाला दार उघडले ते तेव्हा.

तोवर प्रेक्षकांनीही आपली आवड घडविली होती. कॅलिफोर्नियाचे 'सँटा क्लारा व्हॅनगार्ड' हे पथक सत्तरीच्या दशकात 'फिडलर ऑन द रूफ' या संगीतिकेतील बाटलीनृत्य करी. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, गुडघे वाकवून पुढे सरकणारी ती ओळ दिसली की प्रेक्षागृह उठून उभे राही. आपल्या संगीत रंगभूमीवर लोकप्रिय पदाला 'वन्स मोअर' मिळे, त्यातलाच हा प्रकार. रसिकाला ओळखीच्या जागी पुन्हा जायचे असते. तेथे पोहोचल्याचा आनंद तो टाळ्यांनी देतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचा जो विचार केला आहे, त्याची येथे आम्हांला आठवण होते. सिद्धी दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी, असे ते सांगतात. स्मित, हास्य, 'साधु साधु' असे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या फेकणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे होत. आणि जेथे आवाज नाही, चलबिचल नाही, तरी प्रेक्षागृह भरलेले आहे, तेथे दैवी सिद्धी जाणावी. मत्सरी मंडळी गोंगाट करून, शेण-मातीचे गोळे फेकून प्रयोग कसा मोडू पाहतात, याचीही नोंद त्या चाणाक्ष मुनींनी करून ठेवली आहे. परीक्षक कोण असावेत याच्या यादीत यज्ञवेत्ता, नर्तक, वैयाकरणी, चित्रकार यांबरोबर धनुर्धराचीही योजना आहे, कारण रंगमंचावर शस्त्र कसे धरले आहे हे त्यालाच कळणार. ड्रम कोअरच्या मैदानावरही वाद्यांचा परीक्षक वेगळा, संचलनाचा वेगळा, निशाणांचा वेगळा. आज एकूण शंभर गुणांपैकी चाळीस गुण 'सर्वसाधारण परिणामा'साठी राखलेले आहेत. परिणाम कोणावर, असा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. परीक्षकावर, की भाड्याच्या जागेवर घाम पुसत बसलेल्या प्रेक्षकावर?

मिसिसिपीतील ती रात्र

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो १९९३ मध्ये. इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टनचे उद्योगपती बिल कुक यांनी १९८४ मध्ये 'स्टार ऑफ इंडियाना' हे पथक स्थापिले होते. इतर पथके वर्गण्या गोळा करून, जुन्या बसगाड्यांची डागडुजी करून दिवस काढीत असता या पथकापाशी पहिल्या दिवसापासून पैसा होता. सामान्य रसिकाच्या मनात त्याविषयी किंचित आकस होताच. तरीही १९९१ मध्ये रोमच्या वैभवावर रचलेला त्यांचा भपकेदार कार्यक्रम अजिंक्य ठरला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजविल्या. सोन्याचांदीचा लखलखाट लोकांना कळतो.

दोन वर्षांनी याच पथकाने सारा लखलखाट उतरवून ठेवला. सॅम्युअल बार्बर या अमेरिकन संगीतकाराने मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यासाठी मिडीयाच्या कथेवर संगीत रचले होते. ते आणि हंगेरीच्या बेला बार्टोकची १९३६ सालची तंतुवाद्ये, तालवाद्ये व सेलेस्टा यांसाठीची रचना, असे दोन दुर्घट ग्रंथ त्यांनी निवडले. मिडीयाची कथा ग्रीक पुराणातील आहे. पतीने दगा दिला म्हणून सूडाने पेटलेली ही स्त्री पोटच्या मुलांचा घात करते. आता हे संगीत कसे असणार? गुणगुणता येईल अशी चाल नाही. स्वर एकमेकांवर आदळतात, मध्येच अशी शांतता येते की श्वासही ऐकू यावा, आणि मग एकाएकी घाव पडतो. पोशाख साधा, निशाणांची आतषबाजी जवळजवळ नाही. मैदानावरची माणसे क्षणात एखाद्या यंत्रासारखी दुमडत, क्षणात उलगडत. आम्ही या कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण दोन वेळा पाहिले. पहिल्या वेळी आम्हांला, खरे सांगायचे तर, काहीच गवसले नाही. दुसऱ्या वेळी अंगावर काटा आला. मैदानावर बसलेल्या प्रेक्षकाला दुसरी वेळ मिळत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

त्या उन्हाळ्यात या पथकाला टाळ्यांबरोबर धिक्काराचे सूरही ऐकावे लागले. 'हे काय संगीत आहे?' असे लोकांचे म्हणणे होते, आणि त्यांना मूर्ख ठरविणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. दिवसभर उन्हात प्रवास करून, मुलाबाळांसह आलेला तो माणूस आपल्या तरुणपणी वाजविलेले काहीतरी ऐकायला आलेला असतो. त्याला अचानक एका परक्या दुःखासमोर उभे केले आणि कोणी हात धरून आत नेले नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धिक्कार मैदानात पोहोचतो तो रचनाकाराच्या कानी नव्हे. रचनाकार वर कोठेतरी बैठकीत वही घेऊन बसलेला असतो. खाली उभी असतात अठरा-वीस वर्षांची मुले. त्यांनी तो कार्यक्रम निवडलेला नसतो. त्यांनी फक्त तो पाठ केलेला असतो, शाळांच्या व्यायामशाळांच्या फरशीवर झोपून, रात्री बसमध्ये डोळा लावून, रोज दहा-दहा तास उन्हात घोटून. आणि त्यासाठी स्वतःच्या पदरचे, आईबापांच्या पदरचे पैसे मोजून.

ऑगस्टमध्ये मिसिसिपीच्या जॅक्सन शहरी अंतिम फेरी झाली. समोर कॅडेट्स होते, तेच गारफिल्डच्या चर्चमधले. बायबलच्या जुन्या करारातील राजांच्या युद्धावर आधारलेली डेव्हिड होल्सिंगर यांची रचना ते वाजवीत होते. वेगवान, तेजस्वी आणि ऐकताक्षणी रक्त उसळविणारी. निकाल लागला तो असा: कॅडेट्स ९७.४, स्टार ऑफ इंडियाना ९७.३. एका दशांशाचा फरक! रसिकांतील भांडण परीक्षकांच्या वहीतही जवळजवळ बरोबरीनेच सुटले होते.

स्टार ऑफ इंडियाना पुन्हा स्पर्धेत उतरले नाही. त्या वर्षानंतर त्यांनी स्पर्धेचा निरोप घेतला आणि रंगमंचाची वाट धरली. तेथून पुढे घडले ते कादंबरीत शोभावे असे आहे. याच मंडळींतून 'ब्लास्ट' नावाचा रंगमंचीय प्रयोग जन्माला आला. १९९९ मध्ये तो लंडनमध्ये सुरू झाला, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला आणि त्याच वर्षी विशेष नाट्यप्रयोगाचा टोनी पुरस्कार त्याने मिळविला. पुढे जपानमध्येही त्याचे दौरे झाले. या प्रयोगात मिडीयाचे ते संगीतही होते. मैदानावर ज्याला धिक्कार झेलावा लागला, त्याच संगीतासाठी लोक आता तिकिटे काढून अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसू लागले. आज १९९३ चा तो कार्यक्रम ड्रम कोअरच्या इतिहासातील अत्यंत प्रभावी कार्यक्रमांत गणला जातो. त्या काळी नापसंती दर्शविणाऱ्यांपैकीही अनेकांनी पुढे मत बदलले असावे, असा आमचा तर्क आहे.

एकच उन्हाळा, दोन नाटके

यावरून रसिकांना नाटकच नको होते, असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे ठरेल. २००८ सालचा दाखला पाहावा. इलिनॉय राज्यातील रॉकफर्डचे 'फँटम रेजिमेंट' हे पथक पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी प्रसिद्ध. १९९६ मध्ये त्यांना अजिंक्यपद मिळाले होते, पण विभागून. त्या वर्षी त्यांनी रोमन गुलामांच्या बंडाचा नायक स्पार्टाकस याची कथा घेतली. खाचातुरियन या संगीतकाराच्या त्याच नावाच्या नृत्यनाट्याचे संगीत होते. हे संगीत त्या पथकाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभीही वाजविले होते, त्यामुळे जुन्या श्रोत्यांना ते घरचेच. यात अभिनय होता, मारामारी होती, प्रियेचा मृत्यू होता. वाद्यवृंदाचे संचालन करणारा तरुणच रोमन सत्ताधीशाच्या भूमिकेत उभा, आणि अखेरीस गुलामांचा नायक भाला घेऊन त्याच्यावरच चालून जातो! ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सारे पथक चालायचे, त्यालाच पथकाने खाली ओढावे, ही कल्पना अंगावर येणारी होती. गुलामांनी एकामागून एक आपणच स्पार्टाकस असल्याचे पुकारावे हा प्रसंग आला की प्रेक्षकही त्यांच्यासह ओरडू लागत. ब्लूमिंग्टन येथील अंतिम रात्री फँटम रेजिमेंटने ९८.१२५ गुण मिळविले आणि 'ब्लू डेव्हिल्स'ना ९८.१०० वर थोपविले. फरक होता एका गुणाच्या चाळिसाव्या भागाचा. मैदानावरचा जल्लोष पाहता जणू आपणच जिंकलो असे प्रेक्षकांना वाटले होते.

त्याच उन्हाळ्यात कॅडेट्सही नाटक करीत होते. २००४ पासून ध्वनिवर्धकांना परवानगी मिळाली होती, आणि कॅडेट्सनी तिचा उपयोग निवेदनासाठी केला. २००६ व २००७ च्या त्यांच्या कार्यक्रमांत बोलणे बरेच होते. २००८ मध्ये सुखाच्या शोधाविषयी त्यांनी कार्यक्रम रचला, त्यातही वाद्यांवरून निवेदकाचा आवाज वाहत राही. संगीत उत्तम, संचलन अवघड, मुले कुशल. पण रसिकांचा संयम सुटला. आम्ही ऐकायला आलो, आम्हांला व्याख्यान नको, अशी त्यांची तक्रार होती. ती सर्वत्र, मोठ्याने आणि पुढील काही वर्षे चालू राहिली.

फरक कशात होता? आमच्या मते तो अगदी साधा होता. स्पार्टाकसने दाखविले, कॅडेट्सनी सांगितले. आपल्याकडे कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण लांबले की श्रोते आख्यानाची वाट पाहू लागतात, आणि चतुर कीर्तनकार ते ओळखून चिपळ्या उचलतो. सुख म्हणजे काय हे शिंगाच्या एका दीर्घ स्वरात मावते. तेच निवेदकाने शब्दांत सांगितले, तर श्रोत्याच्या वाट्याला करण्यासारखे काही उरत नाही. तथापि कॅडेट्सच्या मागे नेहमी टीकाच लागली असे नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९८३, ८४ आणि ८५ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद पटकावून ज्यांनी संचलनाचे व्याकरण बदलले, ते हेच पथक. त्यांच्या त्या काळच्या भन्नाट वेगाच्या रचना जॉर्ज झिंगाली या प्रतिभावंताने आखलेल्या होत्या. प्रयोग करणारा कधी फसतोही.

याउलट केवळ प्रेक्षकांसाठीच वाजवावे, असा प्रयत्नही झालेला आहे. मॅडिसन स्काउट्सनी १९९५ मध्ये रसिकांचे स्वप्न अशा अर्थाचे नावच आपल्या कार्यक्रमाला दिले. खणखणीत शिंगे, ओळखीच्या चाली, टाळीच्या जागा नेमक्या. लोकांना तो आवडला. अशा कार्यक्रमांनी अजिंक्यपद सहसा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

कॅलिफोर्नियाच्या कॉनकॉर्ड येथील ब्लू डेव्हिल्सची कथा आणखी निराळी आहे. वीसहून अधिक अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. परीक्षकांना ते मोहून टाकतात. २०१२ मध्ये त्यांनी दादावाद हा विषय घेतला. १९१६ मध्ये झुरिकच्या एका मद्यगृहात, महायुद्धाच्या रक्तपाताने विटलेल्या कलावंतांनी अर्थालाच नकार देणारी जी चळवळ उभारली, तिच्यावर हा कार्यक्रम होता. अर्थ नाकारणारी कला लोकांना अर्थ लागत नाही म्हणून आवडली नाही, तर तक्रार करावी कोणी? ब्लू डेव्हिल्स जिंकले. रसिकांचा एक वर्ग मात्र हात बांधून बसून राहिला. दोन वर्षांनी फेलिनी या इटालियन चित्रपट-दिग्दर्शकाच्या सृष्टीवर रचलेल्या कार्यक्रमासाठी त्यांना ९९.६५ गुण मिळाले, आजवरचा उच्चांक. तेव्हा टाळ्या अधिक होत्या. आमचा कल कोणाकडे, असे विचाराल, तर भरतमुनींची ती दैवी सिद्धी, भरलेल्या मैदानातील निःशब्दता, ब्लू डेव्हिल्सच्या वाट्याला कधी आली असे आम्हांला वाटत नाही. ती १९९३ मध्ये, मिडीयाच्या मध्यभागी असलेल्या त्या शांततेत, काही क्षण आली असावी.

गणवेशाचा वाद तर आम्हांला फारच जवळचा वाटला. ओहायोतील कँटन या गावचे 'ब्लूकोट्स' हे पथक १९७२ मध्ये स्थापन झाले. पोलिसांच्या निळ्या कोटावरून त्याचे नाव पडले. म्हणजे नावातच गणवेश! २०१६ मध्ये याच पथकाने लष्करी छापाचा पोशाख टाकून दिला, टोप्या काढल्या, साधे सैल कपडे घातले आणि मैदानात उभारलेल्या उंच वळणदार घसरणींवरून शिंगे वाजवीत घसरत खाली आले. त्यांनी आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. पाठोपाठ इतर अनेक पथकांनीही टोप्या आणि तुरे पेटाऱ्यात ठेवले. आता दरवर्षी नवा विषय, तर दरवर्षी नवा वेष. जुन्या रसिकांना हे बोचते. 'दुरून पाहिले तर कोणते पथक आले हेच कळत नाही,' असे ते म्हणतात, आणि ते खरेच आहे. पूर्वी प्रवेशद्वारी मरून रंगाची बंडी व पांढुरके पायजमे दिसले की कॅडेट्स आले हे मूलही सांगे. वेष ही त्या पथकाची ओळख होती, मागच्या पिढ्यांशी असलेला धागा होता. उलट तरुण वादक विचारतात, ऑगस्टच्या उन्हात लोकरी कोट घालून नृत्य कसे करायचे? त्यांचेही खरे आहे. यावर तोडगा निघेल असे आम्हांला वाटत नाही.

मात्र एक गोष्ट या साऱ्या भांडणात सहसा कोणी नाकारीत नाही. मुलांनी घेतलेले कष्ट. कार्यक्रम कितीही नावडला तरी अखेरच्या स्वरानंतर उभे राहून टाळ्या वाजविणारे जुने रसिक पुष्कळ आहेत. ते रचनेला दाद देत नाहीत, वादकांना देतात. एकविसावे वर्ष संपले की त्या वादकाला पथक सोडावे लागते, तसा नियम आहे. आपल्या शेवटच्या रात्री मैदानाबाहेर पडताना रडणाऱ्या मुलांपुढे त्या वर्षीचे नाटक बरे होते की वाईट, हा प्रश्न कोणी काढीत नाही. १९९३ च्या मुलांना सर्वत्र हा न्याय मिळाला नाही, याची खंत आम्हांला आजही वाटते.

वाद्ये बदलली, वेष बदलले, ध्वनिवर्धक आले, २००९ पासून विजेवर चालणारी स्वरवाद्येही आली. प्रत्येक वेळी 'आता ड्रम कोअर संपले' असे कोणीतरी म्हटले. ड्रम कोअर संपले नाही. संपले ते कॅडेट्स. दहा अजिंक्यपदांचे धनी असलेले हे पथक एप्रिल २०२४ मध्ये, आर्थिक व कायदेशीर अडचणींनी ग्रस्त होऊन, स्थापनेच्या नव्वदाव्या वर्षी बंद पडले. ज्यांनी २००८ मध्ये त्यांच्या निवेदनाला नाके मुरडली होती, त्यांनाही ही बातमी चटका लावून गेली असेल. त्या ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या बंदिस्त भव्य मैदानावर अंतिम फेरी झाली, तेव्हा मरून बंडीतली ती रांग प्रवेशद्वारी आली नाही. त्या रात्री जिंकले ते टोप्या काढून ठेवणारे ब्लूकोट्स. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव होते 'चेंज इज एव्हरीथिंग'.